ओढ्याच्या अलीकडे सहा जण : राजमाची ते कोंदिवडे, जुलैतला एक रविवार

राजमाचीला 'सोपा ट्रेक' म्हणतात आणि ते खोटं नाही. लोणावळ्याहून तुंगार्ली, वळवण, फणसराई करत किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावाला जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे. पंधरा-सोळा किलोमीटरची तंगडतोड आहे, पण चढ नावापुरता. गावात जेवणाची आणि झोपायची सोय घरोघरी होते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले गावातून तासाभराच्या आत. परतताना लोणावळ्याला न जाता पश्चिमेला जंगलातून खाली उतरलं की कोंदाणे लेणी, पुढे कोंदिवडे गाव आणि तिथून कर्जत स्टेशन. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी, असा हा दोन दिवसांचा हिशेब वर्षानुवर्षं चालत आला आहे. पहिल्यांदा पाठीवर सॅक टाकणाऱ्याला बहुतेक वेळा इथेच आणतात.

प्रस्तुत प्रकरण या हिशेबातल्या रविवारचं आहे. सहा जण होते, सगळे पस्तिशीच्या आतबाहेरचे, पुण्यातल्या एकाच कॉलेजातून बाहेर पडलेले. कोणाला गंभीर इजा झाली नाही, बचाव पथक बोलवावं लागलं नाही, बातमी आली नाही. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याच कारणासाठी. बातमीत येतात ती प्रकरणं शेवटाकडून वाचली जातात. कोणी वाहून गेलं की आधीचा प्रत्येक निर्णय मूर्खपणाचा दिसतो, कोणी सुखरूप आलं की तेच निर्णय शहाणपणाचे ठरतात. इथे शेवट मधलाच आहे आणि सहापैकी एकाला तो अजून मान्य नाही. मी त्यांच्यात नव्हतो. सहाही जणांशी वेगवेगळं बोलून आणि त्यांच्या फोनमधल्या फोटोंवरच्या वेळा जुळवून हे लिहिलं आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोण कोण होते

ठाण्याचा एक जण उत्तरकाशीहून गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून आलेला, म्हणून न ठरवताच म्होरक्या. त्याला बेसिकवाला म्हणू. डोंबिवलीकराची सोमवारी सकाळी दहाला कंपनीत मीटिंग होती आणि ती टाळण्यासारखी नव्हती. कोथरूडचं एक जोडपं, त्यांची चार वर्षांची मुलगी आजी-आजोबांकडे ठेवलेली. त्यातली ती बँकेत अधिकारी. चिंचवडची एक मैत्रीण, तिला पोहता येत नाही. आणि अंधेरीचा एक नवखा, ज्याचा हा पहिलाच ट्रेक. त्याच्या पायात जिममध्ये घालायचे बूट होते.

सहाजणांच्या सॅकमध्ये काय होतं, ते मी मुद्दाम प्रत्येकाला आठवायला लावलं. ट्रायपॉड, ब्लूटूथ स्पीकर, मॅगीची पाकिटं (स्टोव्ह नाही, 'गावात करून मिळेल'), दोन पॉवर बँक, सहा जणांत मिळून तीन टॉर्च. डोंबिवलीकराकडे ऑनलाइन मागवलेला पंधरा मीटरचा नायलॉनचा दोर. कोथरूडच्या बाईंकडे मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले कोरडे कपडे, स्वतःचे आणि नवऱ्याचे. बेसिकवाल्याकडे ताडपत्रीचा तुकडा आणि शिट्टी. चिक्की सगळ्यांकडे, कारण लोणावळ्यात उतरून चिक्की न घेता कोणी पुढे जात नाही.

शनिवार

शनिवारबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सकाळी साडेआठला लोणावळा सोडलं, दुपारी तीनला उधेवाडी. पाऊस येत-जात होता. वाटेतले ओढे घोट्याएवढे, मौजेचे. संध्याकाळी धुक्यात श्रीवर्धनवर जाऊन आले, समोरची ढाक-बहिरीची बाजू दिसायला हवी होती, ती दिसली नाही. रात्री पिठलं, तांदळाची भाकरी, भात. ज्यांच्या घरी उतरले त्या मावशी जेवताना म्हणाल्या, "उद्या खाली कोंदाण्याकडं जायचं असंल तर सकाळच्याला आधी विचारा. रातीचा पाऊस बघून सांगते."

रात्री अकरानंतर जो पाऊस लागला तो पत्र्यावर पहाटेपर्यंत वाजत होता. सगळ्यांनाच ऐकू येत होता. 'झोप छान लागली' असं सहापैकी चौघांनी मला सांगितलं.

आता हवामानाच्या अंदाजाबद्दल. शुक्रवारी डोंबिवलीकराने फोनवर पुण्याचा अंदाज पाहिला होता : मध्यम पाऊस. अंदाज बरोबरच होता, पण तो पुणे शहराचा. शहरात वर्षभरात सुमारे ७०० मिमी पाऊस पडतो आणि तिथून पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात ४,००० मिमीच्या वर. जिल्हा एकच, पण आकाश एक नाही. म्हणून तर हवामान विभाग पुण्याचा इशारा देताना घाट विभागाचा वेगळा देतो. त्या शनिवार-रविवारी घाट विभागाला ऑरेंज अलर्ट होता, म्हणजे अतिमुसळधारची शक्यता. हवामान विभागाच्या मापाने चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी. पुन्हा राजमाची पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात आणि कोंदाणे रायगडमध्ये कर्जत तालुक्यात. या वाटेने उतरणाऱ्याने दोन जिल्ह्यांचे इशारे बघायला हवेत. त्यासोबत त्या आठवड्यात जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश निघाला आहे का, तेही. पावसाळ्यात असे आदेश आता नेहमीचे झाले आहेत.

रविवार, सकाळी सव्वाआठ ते एक

सातला निघायचं ठरलं होतं, सव्वाआठला निघाले. ओले मोजे, चहा, पोहे, एक ग्रुप फोटो. मावशी गोठ्याकडे गेल्या होत्या. त्यांना विचारायचं राहून गेलं, असं चौघं म्हणतात. डोंबिवलीकर म्हणतो, राहून गेलं नाही. त्या 'नका जाऊ' म्हणतील हे माहीत होतं, म्हणून कोणी शोधायला गेलं नाही. सहाजणांशी झालेल्या बोलण्यातलं हे मला सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटलं.

गावाच्या खाली वाट दाट झाडीत शिरते. कातळाच्या पायऱ्या, शेवाळ, मुळं, वाटेवरूनच वाहणारं पाणी. नवखा दोनदा बसला. साडेनऊच्या सुमारास खालून घरघर ऐकू यायला लागली आणि ९:४० च्या फोटोत ओढा आहे : सहा-सात मीटर रुंद, पाणी चहाच्या रंगाचं, पलीकडे वाट स्पष्ट दिसते. फोटोत तो भयंकर वाटत नाही. फोटोला आवाज नसतो. बेसिकवाल्याने सांगितलं की पाण्याखाली दगड सरकल्याचे ठोके ऐकू येत होते आणि मी ते विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहून येणं आणि तळातले दगड वाजणं ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर ओढा अजून चढतो आहे असं समजून चालावं.

त्याने काठी घालून पाहिली. काठापासून एका पावलावर गुडघा, पुढे मांडी. मग त्याने एक गोष्ट केली, जी बाकीच्यांना त्या वेळी पोरकट वाटली. काठावरचा एक पांढुरका धोंडा निवडला, पाणी त्याच्या बुडाला लागत होतं, आणि सगळ्यांना सांगितलं, "या धोंड्यावर लक्ष ठेवा." सव्वादहाला धोंडा अर्धा बुडाला होता. साडेदहाला दिसेनासा झाला.

पहिली पस्तीस मिनिटं वादात गेली. डोंबिवलीकराचं म्हणणं सरळ होतं : दोर आहे, एकाने पलीकडे जाऊन झाडाला बांधायचा, बाकीच्यांनी धरून यायचं. कोथरूडचा नवरा त्याच्या बाजूचा. मुलगी वाट बघत असेल, आईला एवढं सांभाळणं झेपत नाही. बेसिकवाला नाही म्हणत होता, पण ठामपणे नाही, तो म्हणतो, "मला वाटलं आपणच सगळ्यांचा विरस करतोय." नवखा गप्प. चिंचवडचीही गप्प. तिला कोणी विचारलं नाही.

सव्वादहाच्या सुमारास बँकेतल्या बाईंनी तिला विचारलं, "तुझं काय? तू येशील का यातून?" ती म्हणाली, "मी नाही येणार. तुम्ही जा, मी वर जाते." वाद तिथे मिटला. एकटीला वर पाठवायचं नाही, हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. मुद्दा असा की ती हे ९:४० पासून मनात धरून होती. पस्तीस मिनिटं चर्चा चालली ती चौघांची, आणि ज्या व्यक्तीच्या उत्तरावर सगळं ठरणार होतं ती पाचवी होती.

अकराच्या आधी पलीकडच्या काठावर एक मामा आले, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात काठी. ते खालून वर उधेवाडीला निघाले होते. आवाजात बोलणं शक्य नव्हतं. त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, हात आडवा हलवला आणि झाडाखाली उकिडवे बसले. बिडी काढली. ज्याच्या आयुष्यातला निम्मा वेळ याच वाटेवर गेला आहे तो माणूस बसला, हे पाहून डोंबिवलीकरसुद्धा दोराबद्दल बोलायचा थांबला.

मग बेसिकवाल्याने जाहीर केलं : एक वाजेपर्यंत थांबायचं. एकला धोंडा वर आला तर पलीकडे, नाहीतर परत उधेवाडी आणि मुक्काम. दरम्यान ताडपत्री दोन झाडांना बांधली, सगळे तिच्याखाली. चिक्की निघाली. एकच्या फोटोत धोंड्याचा माथा पाण्याखाली आहे, पण त्याच्यावर पाणी फुटताना दिसतं, म्हणजे दोन-तीन बोटं उरली होती. ते परत फिरले.

पुढे काय झालं

वर चढताना नवख्याचा पाय मुरगळला. घोटा सुजला, पण तो चालत गावात पोचला. तीनला यायचे ते साडेतीनला आले. मावशींनी काही विचारलं नाही, चुलीपुढे जागा करून दिली.

चारच्या सुमारास पलीकडे बसलेले मामा गावात आले. दोनला ओढा उतरला, म्हणाले, आणि ते गुडघाभर पाण्यातून आले.

गावाच्या कडेला एका ठिकाणी एकाच कंपनीची रेंज लागते. तिथून सातला चार मेसेज गेले, दोन पोचले. डोंबिवलीत 'रविवारी रात्री येतो' एवढंच सांगितलं होतं. तिकडे पाठवलेला मेसेज न पोचलेल्यांत होता. रात्री दहापर्यंत डोंबिवलीकराच्या आईने दोन मित्रांना, एका मेव्हण्याला आणि लोणावळ्याच्या एका हॉटेलला फोन केले होते. अकराला कोथरूडहून निरोप फिरून तिच्यापर्यंत गेला. तोपर्यंत मेव्हणा गाडी काढून निघायच्या बेतात होता.

सोमवारी सकाळी सहा जण त्याच वाटेने उतरले. ओढ्यात पिंढरीएवढं पाणी, स्वच्छ. लेण्यांपाशी धबधबा अंगावर घेत थांबले, साडेअकराला कोंदिवडे, पुढे कर्जतला वडे. डोंबिवलीकराची मीटिंग दुसऱ्याने घेतली. बँकेत एक रजा गेली.

ओढा असा का वागला

या प्रकरणाचा कणा ओढा आहे. सह्याद्रीचा घाटमाथा म्हणजे काळा बेसाल्ट, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. ओढ्याला पाणी देणारा टापू लहान, काही वेळा एखादं-दोन चौरस किलोमीटरचा. वर पडलेला पाऊस खाली यायला तास पुरतो, कधी त्याहूनही कमी. जूनमध्ये पहिला पाऊस जमीन पिते. जुलैच्या मध्याला तिचं पोट भरलेलं असतं, पडेल तेवढं सगळं पळत सुटतं. म्हणून जूनमध्ये ज्याने हीच वाट 'आरामात' केली त्याचा अनुभव जुलैत उपयोगाचा नाही. पाऊस तेवढाच असला तरी ओढा वेगळा असतो.

याची दुसरी बाजू फार कमी लोक लक्षात घेतात. जो ओढा तासाभरात चढतो तो दोन-तीन तासांत उतरतोही, वरचा पाऊस थांबला तर. धरणाखालच्या नदीचं तसं नाही, तिथे विसर्ग दिवसभर चालू राहू शकतो. डोंगरातल्या ओढ्यापाशी थांबणं म्हणून व्यवहार्य असतं. आणि थांबलेल्याला एक मापही लागतं. धोंडा ठरवणं पोरकट नव्हतं. सहा जणांच्या सहा नजरांऐवजी एकच साक्षीदार मिळाला.

भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. बघणारे विचारतात की ते पाण्यात गेलेच कशाला. पण प्रवाहाच्या मध्ये खडकावर उभं राहायला जाताना पाणी तसं नसतं. ते भोवती चढतं आणि परतीची वाट आधी बंद होते. राजमाचीचं हे ठिकाण तिथून फार लांब नाही आणि कातळ तोच आहे.

दोराचं काय

डोंबिवलीकराचा दोराचा आग्रह ट्रेकच्या टोळक्यांमध्ये सर्रास ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. वाहत्या पाण्याचा माणसावरचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट, तर रेटा चौपट. त्याच वेळी पाणी मांडीपर्यंत आलं की अंगाचं वजन पाणी उचलू लागतं, पायाची पकड सुटते. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर पार करू नये, हा जुना नियम यातूनच आलेला आहे.

दोर कमरेला बांधून पाण्यात उतरलेला माणूस पडला, तर दोर त्याला वाचवत नाही. तो ताणला जातो आणि प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. आडवा बांधलेला दोर धरून जाताना माणसं प्रवाहाच्या खालच्या अंगाला कलतात, दोर बाक घेतो आणि सगळ्यांत जोराच्या धारेत हात सुटतो. नदी पार करण्याची दोराची तंत्रं आहेत, बचाव पथकं ती वापरतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे लोक त्याचा वर्षानुवर्षं सराव करतात, त्यांच्याकडे जाकिटं, हेल्मेट आणि खालच्या अंगाला उभी माणसं असतात. पंधरा मीटरचा कपडे वाळत घालायचा नायलॉन म्हणजे ते तंत्र नव्हे. आणि पहिला माणूस पलीकडे जाणार कसा, हा प्रश्न त्या पस्तीस मिनिटांत कोणी विचारला नाही.

पाणी गुडघ्याच्या खाली असेल आणि जायचंच असेल तर साधे नियम आहेत : अरुंद जागा टाळून पसरट, उथळ जागा शोधायची, कारण अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असतं. खाली धबधबा किंवा अडकलेली झाडं असतील तिथे मुळीच नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडल्यास ती टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, पाय न उचलता सरकवायचे. बूट काढायचे नाहीत. सोमवारी त्यांनी हेच केलं.

एक वाजताचा निर्णय

आता वादाचा भाग. डोंबिवलीकर म्हणतो : मामा दोनला आले. अजून एक तास थांबलो असतो तर चारला कोंदिवडे, पाचला कर्जत, रात्री घरी. परत वर चढण्यात नवख्याचा पाय मुरगळला. म्हणजे 'सुरक्षित' निर्णयानेच इजा केली.

यातला हिशेब बरोबर आहे. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. दोनला निघून वर जायचं ठरलं असतं तरी उजेडात गाव गाठता आलं असतं. उजेडाच्या हिशेबाने एकची वेळ घट्ट होती. आणि परत फिरणं फुकट नसतं, हेही खरं. ओल्या कातळावरचा दोन तासांचा चढ, दमलेली माणसं. बरेच लोक माघारीला 'काहीच न करणं' समजतात, तेही चूक.

बेसिकवाल्याला मी विचारलं की एक वाजताचीच वेळ का. तो म्हणाला, "घड्याळ बघून नाही ठरवलं. चिंचवडचीचे ओठ बघून ठरवलं." तीन तास ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, बसून. आपण उष्ण कटिबंधात राहतो म्हणून थंडीने माणूस गारठेल हे डोक्यातच येत नाही. पण वीस-बावीस अंशांत, भिजलेल्या अंगावर वारा असताना आणि हालचाल नसताना शरीर उष्णता गमावत राहतं. आधी थरथर, मग बोटं ऐकत नाहीत, मग माणूस गप्प आणि हट्टी होतो. दोन जणांची थरथर सुरू झाली होती. नवखा तर चिक्कीचं पाकीटही फोडू शकत नव्हता. आणखी तासाभराने ओढा उतरला असताही, बधिर पायांनी त्यात उतरायचं होतं.

म्हणून माझं मत बेसिकवाल्याच्या बाजूचं आहे, पण कारण ओढा नाही. त्यांची थांबण्याची ऐपत एक वाजता संपली होती. ओढा त्यानंतर तासाभराने उतरला. सहाही जणांकडे पिशवीत गाठ मारलेले कोरडे कपडे असते, एक स्टोव्ह असता, गरम पाणी मिळालं असतं, तर ते तीनपर्यंत थांबू शकले असते आणि डोंबिवलीकर बरोबर ठरला असता. ज्या दोघांकडे कोरडे कपडे होते ते दोघे थरथरत नव्हते, हे फोटोतही दिसतं. स्पीकरचं वजन आठशे ग्रॅम. एक टी-शर्ट, लोकरी टोपी आणि मोजे त्याहून कमी भरतात.

ऐपतीचा दुसरा भाग सॅकमध्ये नव्हता, कॅलेंडरमध्ये होता. दोर बांधायचा आग्रह धरणारे दोघं कोण होते? ज्याची सोमवारी दहाला मीटिंग होती तो, आणि ज्याची मुलगी घरी होती तो. दोघंही बेफिकीर नाहीत. पाण्याकडे पाहताना त्यांना पाणी दिसत नव्हतं, सोमवार दिसत होता. दोन दिवसांच्या ट्रेकला अडीच दिवस ठेवले असते तर हाच ओढा त्यांना वेगळा दिसला असता. घरी निरोप देण्याचंही तेच. 'रविवारी रात्री येतो' असं सांगितलं की रविवारी रात्रीपासून घरच्यांचा जीव टांगणीला आणि आपल्यावर दडपण. 'रविवारी यायचा बेत आहे, पाऊस लागला तर मुक्काम वाढेल, सोमवारी दुपारी दोनपर्यंत फोन नाही आला तर या नंबरवर, नाहीतर ११२ ला' असं लिहून ठेवलं असतं तर मेव्हण्याने गाडी काढली नसती.

मावशींना न विचारण्याबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. त्या काय म्हणाल्या असत्या ते मी नंतर फोनवर विचारलं. म्हणाल्या, "जेवून जा म्हणले असते." म्हणजे बारा-एकला निघाले असते, ओढ्यावर अडीचच्या सुमारास.

वाट उलटी केली तर

या सहा जणांना यंदा पुन्हा जायचं आहे आणि त्यांनी मला बेत विचारला. मी वाट उलटी करायला सांगितली. शनिवारी कर्जतहून कोंदिवडे, लेणी आणि चढून उधेवाडी, रविवारी लोणावळ्याकडे. जंगलातले, उतारावरचे ओढे मग पहिल्या दिवशी येतात. अडलं तर मागे कोंदिवडे आहे, रस्ता आहे, रिक्षा आहे, आणि गमवायचं काय, तर एक शनिवार. चढताना शेवाळावर पाय घसरायची शक्यताही उतरण्यापेक्षा कमी. लोणावळ्याच्या वाटेवरही ओढे आडवे येतात, पण वाट रुंद, माणसांची ये-जा जास्त, आणि पाऊस फार झाला तर गावातून चारचाकीची सोय होते का ते विचारता येतं.

डोंबिवलीकराला हे पटलेलं नाही. चढायला तीन-साडेतीन तास, नवख्याचा घोटा, शिवाय रविवारी दुपारी लोणावळा स्टेशनवर उभं राहायला जागा नसते. त्याचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. त्यावर उपाय एकच, रविवारी सकाळी सहाला उधेवाडी सोडायची. या सहा जणांना ते जमेल का, याची मला शंका आहे.